खालचं नेट, वरचं नेट

“ताई, तुम्ही नेट बंद केलंत का हो?”

जिन्यावरून धाकट्या जावेची हाक आली. शब्द साधेच होते, पण सूर साधा नव्हता.

आमचं घर दुमजली. खाली आम्ही, वर दीर-जाऊ. चुली वेगळ्या, पण इंटरनेटचं कनेक्शन एकच, बिल निम्मं-निम्मं. राउटर आमच्या बैठकीत. गेल्या पावसाळ्यात असं व्हायला लागलं, की खाली नेट सुरळीत आणि वर मात्र मधूनच बंद. वायफायची खूण तर पूर्ण दिसायची, पण काही उघडायचं नाही. जाऊ घरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं डिझाइनचे फोटो फोनवर पाठवतात, पैसेही फोनवरच येतात. त्यात पुतणीच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस आला आणि नेमकं वरचं नेट गेलं. घरात मोबाइलला रेंज जेमतेम. शेवटी पोरीनं गच्चीवर छत्री धरून अर्ज भरला. “बिल आम्हीही देतो,” एवढंच जाऊ म्हणाली. पण ते मला दोन दिवस टोचत राहिलं.

कंपनीचा माणूस आला. खालचा डबा तपासून “इथे तर चालतंय” म्हणाला आणि गेला. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांना फोन केला, तर उत्तर आलं, “आई, तू कशाला हात लावू नकोस. मी दिवाळीला आलो की बघतो.” दिवाळीला तीन महिने होते!

मैत्रिणींनो, हे ‘हात लावू नकोस’ आपण किती वर्षं ऐकतोय? कुकरची रिंग आपण बदलतो, मिक्सर का अडला ते आपल्याला आवाजावरून कळतं. मग भिंतीवरच्या त्या दिव्यांच्या डब्याचीच एवढी भीती का? वाट मला जावेच्या शिलाई मशीननं दाखवली. टाका सुटायला लागला, की ती मशीन बिघडलं असं एकदम म्हणत नाही. आधी सुई बघते, मग दोरा, मग बॉबिन. एकेक बाजूला काढत जाते. म्हटलं, चल, नेटचंही असंच बघू या.

पहिला प्रश्न, बंद कुठे आहे? एकाच फोनवर की सगळ्यांवर? एकावरच असेल तर दोष बहुधा त्या फोनचा. वायफाय बंद करून पुन्हा लावा, तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. तारीख चुकली की अनेक वेबसाइट उघडत नाहीत.

सगळीकडे बंद असेल तर डब्याकडे जा. फायबरचं कनेक्शन असेल तर त्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर तारेतून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. बारीक तार कुठे दुमडली नाही ना, एवढं पाहावं आणि तक्रार करावी. त्या तारेचं टोक काढून त्यात डोकावू मात्र नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.

लाल दिवा नाही, तरी नेट नाही? मग रिचार्ज संपलाय का बघा. तो असेल तर बटण बंद करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. पण डब्याच्या मागे बारीक भोकातलं ‘रीसेट’चं बटण असतं, ते टाचणीनं दाबू नका. त्यानं सगळी मांडणी पुसली जाते आणि कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागतं.

राउटरजवळ चालतं आणि आतल्या खोलीत चालत नाही, तर दोष लाइनचा नाही, वायफायच्या पोचेचा. राउटर फ्रीजमागे किंवा लोखंडी कपाटात कोंडू नये. त्यात २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसत असतील, तर २.४ हळू पण भिंतीपलीकडे जास्त पोचतं. ५ वेगवान, पण लांब जात नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच आसपास चालतो, म्हणून तो शेजारी नको.

हे सगळं आम्ही दोघींनी पडताळलं. काहीच सापडेना. मग पुतणी म्हणाली, “काकू, दोन्ही फोनचे आयपी ॲड्रेस बघू या.” वायफायच्या सेटिंगमध्ये ते दिसतात. माझ्या फोनचा १९२.१६८.१ नं सुरू होणारा, जावेच्या फोनचा १९२.१६८.० नं! एकाच घरात दोन गल्ल्या कशा?

आणि मग माळ्याखालच्या फळीवरचा जुना राउटर आठवला. वर वायफाय नीट पोचावं म्हणून मागच्या दिवाळीत चिरंजीवांनीच तो खालच्या राउटरला तारेनं जोडून ठेवला होता. घरातल्या प्रत्येक फोनला, कॉम्प्युटरला राउटर एक नंबर देतो आणि बाहेर जायची वाटही सांगतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. ते एकानंच करायचं असतं. आमच्याकडे दोघे करत होते. लग्नघरात दोघीजणी पाहुण्यांना खोल्या वाटायला उभ्या राहाव्यात, तसं! खालचा नंबर देई, तेव्हा नेट चाले. जुना देई, तेव्हा “बाहेर जायचं तर माझ्याकडून जा” सांगे, आणि त्याला स्वतःलाच बाहेरची वाट माहीत नव्हती. खालचा राउटर इन्व्हर्टरवर, वरचा नाही. पावसात लाइट गेली की वरचा बंद पडून पुन्हा सुरू होई, वरचे फोन नव्यानं नंबर मागत आणि कधी हा आधी उत्तर देई, कधी तो.

चिरंजीवांना फोन केला, परवानगीसाठी नव्हे, पासवर्डसाठी. जुन्या राउटरच्या पानावर जाऊन आम्ही डीएचसीपी बंद केलं आणि तो एकदा बंद-चालू केला. वीस मिनिटांचं काम. (दोन्ही राउटरचा स्वतःचा नंबर एकच असेल, तर जुन्याचा बदलावा लागतो.) त्यानंतर वरून हाक आली नाही. आली ती चहाला.

वाटून घेतलेलं नेट तसं जुनंच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका कॉम्प्युटरचं कनेक्शन दुसऱ्याला द्यायची सोय होती. पण पहिला बंद केला की दुसऱ्याचंही नेट जाई. तेव्हा ‘तूच बंद केलंस’ म्हणणं खरं तरी असायचं. आता तसं नाही, संशय मात्र तोच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी ३३ जणींनीच. वापरणं वाढत जाईल हो, पण घरातल्या नेटची किल्ली कुणाकडे आहे? पासवर्ड मुलाला ठाऊक, बिल नवऱ्याच्या नंबरवर, आणि दिवसभर घरात, नेटवर धंदा करणारी मात्र आपण. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

एक कागद घ्या. त्यावर वायफायचा आणि राउटरचा पासवर्ड, ग्राहक क्रमांक, रिचार्जची तारीख आणि बिलावरचा तक्रारीचा फोन नंबर लिहा. तो नंबर गुगलवर शोधू नका, भामटे तिथेच टपलेले असतात. ओटीपी तर कुणालाच सांगू नका. तक्रार केली की तिचा क्रमांक टिपून ठेवा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही असा.

आमच्याकडे असे दोन कागद आहेत. एक खाली, एक वर. दोन्हींवर अक्षर जावेचं आहे.