कोंबड्याचा राग आणि कोंबड बाजार

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी परिसरात एखाद्या अंगणात पहाटे खुराड्याचं दार उघडतं आणि कोंबडा एक पंख खाली पाडून, पाय घासत, तिरका चालत पुढे येतो. मानेची पिसं फुललेली. पुढच्याच क्षणी पायामागचा काटा पोटरीत रुततो. समोर लहान मूल असेल, तर वार थेट तोंडावर.

अशा कोंबड्याला लाथ बसते, नाहीतर काठी. दोन्ही चूक. त्याच्या लेखी माणूस हा कळपात घुसलेला दुसरा नर; मारलं तर तो आणखी चवताळतो, पळालं तर त्याला जिंकल्यासारखं वाटतं. शांत उभं राहावं, मध्ये टोपलं आडवं धरावं. आठ-दहा माद्यांमागे एकच नर ठेवला, की भांडणं पुष्कळ कमी होतात.

हाच राग गडचिरोली-चंद्रपूरच्या कोंबड बाजारात मात्र मुद्दाम पेटवला जातो. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधतात, भोवती पैसे लागतात आणि काही मिनिटांत एक पक्षी मातीत तडफडत पडतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार अशी झुंज लावणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात गावठी कोंबडासुद्धा येत नाही! संसदेने हा आकडा बदलायलाच हवा. तोवर ग्रामसभांनी आपल्या शिवारात कोंबड बाजार भरू देऊ नये.