उडून जाणारे भांडवल

यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या शहरांतील ब्युटी पार्लरांच्या पाट्यांवर केशरचना आणि मेंदी यांच्या जोडीला आता कृत्रिम नखांचेही नाव दिसू लागले आहे. हा प्रकार कोणाला रुचो वा न रुचो. ज्या जिल्ह्यात शेतीबाहेरचा रोजगार तुटपुंजा आहे, तेथे थोड्या भांडवलावर उभा राहणारा आणि बहुतांशी स्त्रियांच्या हाती असलेला हा व्यवसाय थट्टेवारी नेण्याजोगा खचित नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेचा हेतू असेच छोटे उद्योग उभे राहावेत, हा होता. परंतु कर्जाचा हप्ता, जागेचे भाडे आणि विजेचे बिल यांचा हिशेब काटेकोरपणे मांडताना एक खर्च सहज नजरेआड होतो. तो म्हणजे बाटलीतून वाटीत ओतलेला आणि वाटीतून हवेत गेलेला द्रव.

ॲक्रिलिक नख हे द्रव आणि पावडर यांच्या संयोगातून घडते. या द्रवास मोनोमर म्हणतात. ब्रश आधी त्यात व मग पावडरीत टेकवला की टोकाशी मणी तयार होतो आणि नखावर बसवल्यावर काही मिनिटांतच तो कठीण होतो. दंतवैद्यकात कवळी बनवताना याच जातीची रसायने वापरतात. दहा नखांना लागणारा द्रव फार थोडा असतो. तथापि रुंद तोंडाच्या वाटीत तो अंदाजाने ओतला जातो, डोक्यावर पंखा फिरत असतो आणि मे महिन्यात यवतमाळचा पारा चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेला असतो. समजा, प्रत्येक गिऱ्हाइकामागे दहा मिलिलिटर ओतले व त्यांतील चार उडून गेले किंवा टाकावे लागले. तर सोळा जणींना पुरली असती ती शंभर मिलिलिटरची बाटली दहा जणींतच संपते. शिवाय उष्म्यात मणी लवकर आळतो, म्हणून नवख्या हाताला ब्रश अधिक ओला ठेवण्याचा मोह होतो. असा मणी त्वचेवर ओघळतो. न आळलेला मोनोमर त्वचेला वारंवार लागत राहिला, तर ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा सुटत नाही. पुढे कधी दातांच्या उपचारात किंवा हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंटात तत्सम द्रव्य आले, तर तेही अशा व्यक्तीला बाधण्याचा संभव असतो.

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात एक विचार मांडला. उत्पादकाच्या कृतीचा जो भार इतरांवर पडतो, तो उत्पादकाच्या जमाखर्चात उतरत नाही. गिरणीच्या धुराचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. नखांच्या कामात मात्र गंमत अशी की, गिरणीची मालकीण आणि धूर खाणारी शेजारीण या बहुधा एकच असतात. किंवा दुसरी पहिलीच्या हाताखाली पगारावर असते. वाया गेलेल्या द्रवाची किंमत प्रथम पैशाने आणि नंतर श्वासाने अशी दोनदा चुकवली जाते. सुरक्षिततेसाठी खर्च करावा लागतो, हा सर्वसाधारण अनुभव; येथे मात्र तीच गोष्ट खर्च वाचवते.

द्रव रसायन बेतशीर हाताळले नाही तर काय होते, हे यवतमाळला अन्य कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांवर उपचार करावे लागले. मोनोमर हे त्या जातीचे जहाल विष नव्हे आणि दोहोंची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सवयींचे साम्य डोळ्यांत भरते. मापाऐवजी अंदाज, संरक्षक साधनाऐवजी रुमाल, आणि बारीक अक्षरांतील न वाचलेली सूचना. साधा कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यातही कीटकनाशकाच्या डब्यावर निदान रंगीत त्रिकोण असतो आणि तो निरक्षरालाही कळतो.

करावयाचे ते फार अवघड नाही. वाटी अरुंद तोंडाची व झाकणाची असावी आणि द्रव ड्रॉपरने लागेल तेवढाच घ्यावा. उरलेला द्रव काटकसर म्हणून बाटलीत परत ओतू नये; त्यात मिसळलेल्या पावडरीतील पेरॉक्साइडमुळे अख्खी बाटली बिघडू शकते, म्हणजे चार मिलिलिटर वाचवण्याच्या नादात शंभर गमावले जातात. तो मोरीतही ओतू नये, कारण मोरीतून तो उघड्या नालीत नाहीतर शोषखड्ड्यात जातो. थोडी पावडर घालून तो आळू द्यावा, मग तो निरुपद्रवी गोळा कचऱ्यात टाकता येतो. ओले कागद व कापूस झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ॲसिटोन तर पेट घेणारेच. देवघरातील समईपासूनही ते दूर हवे. पंख्याचा झोत टेबलावर नसावा, हवा बाहेर ओढणारा पंखा असावा.

बाटलीत काय आहे, हा प्रश्न याहून जुना आहे. मिथाइल मेथॅक्रिलेट नावाच्या स्वस्त मोनोमरने नखे व त्वचा बिघडल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७० च्या दशकात त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. नखांच्या कामासाठी त्याऐवजी इथाइल मेथॅक्रिलेट वापरले जाते. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. पण घटकांची यादी नसलेली, भावाने निम्मी आणि वासाने दुप्पट बाटली दुकानात हाती घेणाऱ्या मुलीपर्यंत ते पोहोचले पाहिजेत. हे काम प्रशिक्षणवर्गांचे आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेत नख किती सुबक झाले हे पाहताना, काम संपल्यावर वाटीत किती द्रव उरला हेही परीक्षकाने मोजून घ्यावे आणि त्याचे गुण द्यावेत.