विकतचा तारा

दिवाळीच्या फराळाशी बसलेल्या वाचकापुढे नाताळचे भांडण मांडणे रीतीला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे भांडण आमच्या वसईच्या वाडीपुरते राहिलेले नाही. ज्यांच्या अंगणात यंदा मातीच्या किल्ल्याऐवजी दुकानातून आणलेला तयार किल्ला बसला असेल, आणि ज्यांच्या दारात घडी उलगडली की तयार होणारा आकाशकंदील लागला असेल, त्यांनी हा लेख आपल्याही घरचा समजावा.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आमच्या चर्चच्या समितीची बैठक झाली. वय झालेल्या माणसाला अशा बैठकीला मान म्हणून बोलावतात. त्याने बोलावे अशी कोणाची अपेक्षा नसते. ठराव तीन होते. चर्चपुढे लागणारा मोठा तारा यापुढे विकत आणावा. नाताळचा गोठा माती-गवताचा न करता मूर्तींसह तयार संच मागवावा. आणि वेदीवरचे जुने क्रोशाचे कापड काढून तिथे साटीनचे घालावे, कारण ते धुवायला सोपे. वेळ वाचतो, माणसे मिळत नाहीत, टापटीप दिसते. तिन्ही कारणे खरी होती आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी उठून काहीतरी बोललो. हाताने केलेला तारा हीसुद्धा प्रार्थना असते, असे काहीसे. शब्द नीट जुळले नाहीत. त्यावर एक तरुण सभासद, मुलगा तसा गुणी, हसून म्हणाला, "काका, प्रार्थना मनातून होते. कामट्या बांधून होत नाही." सगळे हसले. ठराव मंजूर झाले.

मला उत्तर सुचले ते घरी पोचल्यावर. माझे नेहमी असेच होते. ते उत्तर आता जरा लांबलचक झाले आहे.

प्रार्थना मनातून होते हे वाक्य इतके शहाणे दिसते की त्याला हात लावायची भीती वाटते. पण मग आपण गुडघे का टेकतो? कपाळाला राख का लावून घेतो? झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पातीचा क्रूस विणून आम्ही तो वर्षभर तसबिरीमागे खोचून ठेवतो. पुढच्या वर्षी त्याच वाळक्या पाती जाळून त्यांची राख होते आणि राखेच्या बुधवारी ती कपाळावर येते. झाडापासून हातात, हातातून भिंतीवर, भिंतीवरून विस्तवात आणि विस्तवातून कपाळावर, असा तिचा प्रवास. यातली कोणती पायरी मनातली आहे, ते त्या मुलाने मला दाखवावे.

बायबल तर कारागिरांनी भरलेले आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो की बसालेल नावाच्या माणसाला मी माझ्या आत्म्याने भरले आहे. कशासाठी? सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्ने बसवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. प्रवचनासाठी नव्हे. पुढे पस्तिसाव्या अध्यायात बायका बकऱ्यांचे केस कातून देतात, त्याचीही नोंद शास्त्राला करावीशी वाटली. येशूला गावकऱ्यांनी ओळखले ते सुतार म्हणून, आणि पौल तंबू शिवून पोट भरत असे. आणि यापो गावची ती टबीथा! ती वारली तेव्हा विधवा बायका रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ती किती वेळ गुडघ्यांवर असे, हे कोणी सांगितल्याचे लिहिलेले नाही. त्यांनी शिवण दाखवली.

आता तारा. आमच्या लहानपणी तो आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. बांबू चिरून दहा सारख्या कामट्या काढायच्या. पाच-पाच कामट्यांचे दोन तारे बांधायचे, एकावर एक ठेवून पाचही टोके सुतळीने आवळायची. मग आतल्या पाच छेदांवर पाच आखूड काड्या उभ्या खोचायच्या, म्हणजे तारा मधून फुगतो. त्या पाच काड्यांची लांबी सारखी नसली की तारा एका अंगाला कलतो, आणि कललेला तारा रात्री दिवा लावल्यावर साऱ्या वाडीला दिसतो. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो, जाड झाली तर उंदीर खातात. माझे वडील बोलके नव्हते. पण कामटी तासताना ते पुटपुटत, आणि मला पुष्कळ वर्षे वाटे की ते कोयत्याला शिव्या देत आहेत. एकदा जवळ बसलो तेव्हा कळले, ते रोझरी म्हणत होते. एका कामटीला एक दशक. मणी हातात धरायला हात मोकळे नव्हते, म्हणून कामटीवर मोजत.

मी ज्याला प्रार्थना म्हणतो ती ही. तयार तारा खोक्यातून काढून पिन खोचायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत कोणी काय पुटपुटणार?

गोठ्याची गोष्टही अशीच. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्यो गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हा त्याने मूर्तींचा संच मागवला नव्हता. खरे गवत, खरा बैल, खरे गाढव. बेथलेहेममध्ये त्या बाळाची किती गैरसोय झाली ती डोळ्यांनी पाहता यावी, एवढाच त्याचा हेतू होता. २०२३ साली त्याला आठशे वर्षे झाली. त्या निमित्ताने ठिकठिकाणी मोठमोठे देखावे झाले. तयार संचातले गवत मात्र प्लास्टिकचे असते आणि त्याला कसलाच वास येत नाही. आमच्याकडे पंधरा दिवस आधी परातीत माती घालून नाचणी पेरत. नाताळच्या रात्री ती बोटभर हिरवी होऊन गोठ्यापुढचे कुरण बने. तुम्ही किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरता ना, तेच हे. रोज पाणी शिंपडणे हे घरातल्या सर्वांत लहान मुलाचे काम असे. वाट पाहणे म्हणजे काय हे आगमनकाळाच्या प्रवचनांतून मला कधी कळले नाही. नाचणी वेळेवर उगवेना तेव्हा कळले.

माझा एक अहमदनगरकडचा प्रॉटेस्टंट स्नेही हे सगळे ऐकून म्हणतो, "ही तुम्हां रोमन लोकांची खेळणी. आम्हांला वचन पुरे." पुरे असेल. पण त्याने केडगाव आठवावे. पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा ते वचन छापले कोणी? मुक्तिसदनात आलेल्या, पुष्कळशा दुष्काळातून वाचवलेल्या मुलींनी आणि बायकांनी. खिळे जुळवणे, छापणे ही कामे त्यांच्या हातांनी झाली. रमाबाई १९२२ साली गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. शिशाचा एकेक खिळा उलटा वाचून ओळीत बसवणाऱ्या त्या मुलीला वचन आमच्या स्नेह्यापेक्षा कमी कळले असेल काय? मला तसे वाटत नाही. आणि पतंगाच्या कागदाला हसायचे असेल तर जर्मनीतल्या मोरेव्हियन पंथाकडेही पाहावे. तेही प्रॉटेस्टंटच. त्यांच्या नीस्की गावच्या शाळेत १८३०च्या सुमारास भूमितीच्या धड्यातून कागदी तारा निघाला, तो घरोघर गेला. पुढे तो विक्रीलाही आला, हे मी लपवत नाही. माझा राग बाजारावर नाही. बाजारातून कागद मीही आणतो.

उलट बाजूने मला अडचणीत आणणारी एक गोष्ट आहे ती सांगूनच टाकतो. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात जुने कोरीवकाम पाहताना पाय निघत नाही. तसले काम पोर्तुगीज अमलात हिंदू कारागिरांच्या हातूनही होत असे. इतके की १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेला त्यांच्याकडून ख्रिस्ती चित्रे-मूर्ती करवून घेऊ नयेत असे बजावावे लागले. मग ती मूर्ती कोरणाऱ्याची ती प्रार्थना होती काय? येशूवर ज्याचा विश्वास नाही त्याच्या हाताने येशूची पापणी इतकी हळुवार कशी उतरली? याचे उत्तर माझ्यापाशी नाही. परिषदेपाशीही नव्हते, तिच्यापाशी फक्त मनाई होती.

आणि आपल्याच माणसाने मनापासून केले तर आपण काय करतो, तेही गोव्यानेच दाखवले. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२. शांतिनिकेतनात शिकून आला आणि मरियेला लुगडे नेसवून चित्रे काढू लागला. गोव्याच्या धर्मशील मंडळींना ते रुचले नाही. त्याने पुणे गाठले आणि तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून रंगवत राहिला. १९६७ साली तो गेला. गुलाबी गालांची, निळ्या डोळ्यांची, साच्यातून काढलेली मरिया आम्हांला परकी वाटत नाही, लुगड्यातली वाटते. साच्याची एकदा सवय लागली की हाताने केलेले सगळेच चुकल्यासारखे दिसू लागते. समितीतल्या एका बाईंनी जुन्या गोठ्यातल्या मेंढपाळाविषयी तेच म्हटले, "त्याचं नाक वाकडं आहे हो." आहे. मी नऊ वर्षांचा असताना ते मी केले आहे.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या सुनेने तो घातला. ती म्हणाली, "बाबा, तुमचा तारा वर्षातून एकदा. आजींचा क्रोशा वर्षभर. बायकांच्या डोळ्यांची वाट लावून त्याला भक्ती म्हणायचं, हे सोपं आहे." तिचे म्हणणे मला झोंबले, कारण त्याला इतिहास आहे. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा मोठा निर्यातव्यापार झाला, आणि १९८२ साली मारिया मीज या बाईंनी त्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले, त्यात त्यांची मजुरी किती तुटपुंजी आणि नफा कोणाच्या घरात, हे मांडले आहे. तेव्हा हातकामाला प्रार्थना म्हणणाराने आधी ते काम कोण करतो आणि बसून कोण पाहतो हे पाहावे. आमच्या घरात मी बसून पाहणारा होतो. हे मान्य करून पुढे जातो.

पुढे म्हणजे त्या वेदीवरच्या कापडाकडे. ते माझ्या आईने विणले होते. माझी धाकटी बहीण सहा वर्षांची होऊन गेली, त्या साली. आई त्या पावसाळ्यात मिस्साला जाईना, घरात प्रार्थनेला बसेना. फादर येऊन समजावून गेले, तिने ऐकून घेतले आणि काही बोलली नाही. देवाशी तिचे बोलणे बंद होते. एक दिवस तिने सुई आणि दोऱ्याचा गुंडा काढला आणि ओटीवर बसून विणू लागली. कोणासाठी, ते तिने सांगितले नाही. कडेने फुले, मधे द्राक्षवेल. नाताळच्या आदल्या दिवशी कापड पुरे झाले. तिने ते धुतले, खळ दिली, घडी घातली आणि चर्चमध्ये नेऊन दिले, आणि त्या रात्री ती मिस्साला आली. मनातून प्रार्थना होते म्हणणाऱ्या त्या गुणी मुलाला मी एवढेच विचारीन, की ज्या सहा महिन्यांत आईच्या मनातून ती होत नव्हती, तेव्हा ती कुठून होत होती?

हे मी बैठकीत सांगितले नाही. सांगितले असते तर ठराव कदाचित फिरला असता, पण माझ्या आईच्या दुःखावर मते मागणे मला जमले नाही. समितीने कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी पाठवले. सौजन्याने पाठवले, वर आभाराची चिठ्ठीही होती. नवे साटीन चांगले चमकते. तार्‍यात सात रंग आहेत आणि ते आळीपाळीने लुकलुकतात. मी त्याच्याखालून मिस्साला गेलो आणि नीट गुडघे टेकून आलो. रुसून घरी बसायला मी काही आई नव्हे.

यंदा बांबू मी ऑक्टोबरातच आणून ठेवला आहे. शेजारच्या जोश्यांच्या नातवंडांचे आकाशकंदिलाचे कागद उरले आहेत, ते देतो म्हणाली आहेत. रंग केशरी आहे, पण चालेल. तारा माझ्या दारात लागेल, चर्चपुढे नाही. कापडाच्या एका कोपऱ्यातली तीन फुले उसवली आहेत. सून परवा म्हणाली, "सुई कुठल्या नंबरची लागते, ते आजींच्या डब्यात बघा. पण टाके मी घालणार नाही, तुम्ही घालायचे." डबा काढला आहे. चार सुया निघाल्या. पहिल्या फुलाचा गोल तीनदा उसवून झाला, तरी अजून बसत नाही.