ससाणा नको, दाणे आवरा!

बाल्कनीतल्या कबुतरांना वैतागून ‘एखादा ससाणा सोडायला हवा’ म्हणणाऱ्या दोस्तांनो, जरा इंग्लंडकडे बघा. तिथल्या शेतांवर वूड पिजन या रानकबुतरांचे थवेच्या थवे उतरतात. रॉबर्ट केनवर्ड या संशोधकाने त्यांच्यावर शिकवलेला गॉसहॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याचा दांडगा थोरला भाऊ, सोडून पाहिला. निष्कर्ष १९७८ साली छापून आले. एकट्या कबुतरावरचे सुमारे ८० टक्के हल्ले यशस्वी. थवा पन्नासच्या वर गेला की १० टक्केसुद्धा नाहीत! कारण सिंपल आहे. डोळे जास्त, त्यामुळे शिकारी लांबूनच दिसतो.

मग कबुतरं कमी होतात का? छे! कीटकनाशकांच्या तडाख्यातून तिथले शिकारी पक्षी सावरले, तरी रानकबुतरं वाढतच गेली. कारण ऐन हिवाळ्यातही शेतात तेलबियांच्या रेप पिकाची हिरवी पानं हजर!

म्हणजे शिकारी कबुतरांना शिस्त लावतो, पण त्यांचा आकडा ठरवतं अन्न. आपल्या बाल्कनीतले पारवे वेगळ्या जातीचे, पण फंडा तोच. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात १९८८ नंतर लोकांना समजावून दाणे टाकणं कमी केलं, आणि पारवे जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा बॉस, ससाणा शोधण्याआधी सोसायटीच्या गच्चीवर रोज दाणे कोण टाकतंय, ते शोधा!