अहो, काय बघत होतात?

परवाच्या रविवारी सकाळी साडेनऊला मी माझ्याच घरात गुन्हेगार ठरलो.

शोधत काय होतो, तर पनवेलहून अलिबागला जाणाऱ्या एसटीचं वेळापत्रक. स्टँडवर जाऊन खिडकीत विचारायचं सोडून बसल्या जागी बघायची माझी खोड तुम्हाला माहीत आहे. तिच्यापायी झालेल्या फजित्यांवर या सदराचं निम्मं पोट भरलंय. कुठल्याशा भलत्या पानावर टिचकी पडली आणि पडदाभर अशोकस्तंभ उभा राहिला. खाली इंग्रजीत फर्मान : तुम्ही अश्लील संकेतस्थळं पाहिलीत, संगणकाला कुलूप घातलं आहे, सहा तासांत दंड भरा, नाहीतर अटक. कार्डाचा नंबर लिहायला चौकट तयारच. घड्याळ उलटं पळतंय, माउसचा बाण गायब, आणि वर भोंगा.

भोंगा ऐकून बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिने फर्मान शांतपणे, शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, “अहो, काय बघत होतात?”

“अलिबागची एसटी.”

इतकं खरं उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही आणि इतकं खोटं कधी वाजलेलं नाही.

तेवढ्यात दाराची बेल. गॅस गळतोय की काय, म्हणून शेजारचे काका धावून आले होते. मी हाताला लागली ती पुरवणी पडद्यावर पसरली. माझंच सदर होतं त्या पानावर. छापून आल्यापासून प्रथमच कुणाच्या तरी उपयोगी पडलं. पण काकांनी कोपरा उचलून पाहिलंच आणि आवाज खाली आणून म्हणाले, “भरून टाका. बोभाटा कशाला? आम्ही नाही का मागे...” आणि त्यांनी जीभ चावली. पुढे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चहा घेऊन गेले.

शेवटी खारघरच्या भाचीला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, “मामा, ते नुसतं एक वेबपान आहे रे!” पान पडदाभर पसरतं, बाण लपवतं, आवाज लावतं, कुलूपबिलूप काही नसतं. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. नाही हटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ म्हणायचं. पुन्हा उघडल्यावर ‘मागची पानं परत आणू का?’ असं विचारलं तर नको म्हणायचं. याचाच दुसरा भाऊ ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ म्हणतो. तो फोन करायचा नाही. अशा बनावट टेक सपोर्टवाल्यांविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनने तक्रारी केल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात तीही प्रकरणं होती.

भाचीचा इलाज अर्ध्या मिनिटात लागू पडला. अर्धा तास गेला तो पुरवणी पसरण्यात. चोराची अक्कल बघा : दंड त्याने चोरीचा लावला नाही, अश्लीलतेचा लावला. चोरीचा आळ आला तर माणूस चार लोकांना गोळा करून ओरडेल. या आळाला तो दार लावून घेतो, कुणाला विचारत नाही आणि गुपचूप कार्ड काढतो. कुलूप ब्राउझरला नसतंच. ते आपल्या अब्रूला घातलेलं असतं. वर शिक्का दिसला की आपले हात आपोआप जोडले जातात. खरं सरकार ब्राउझरच्या खिडकीत अटकेची धमकी देऊन कार्डाचा नंबर मागत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घाम फुटला.

आणि मी राहतो कुठे, तर पनवेलला. इथून जवळच शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८७९ साली इंग्रज सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, तर या गृहस्थांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर बक्षीस लावलं. खऱ्या सरकारच्या खऱ्या फर्मानाला हे उत्तर! त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसणारा मी, शिक्क्याच्या चित्रावर पेपर झाकत होतो.

अलिबाग राहिलंच. पुढच्या वेळी स्टँडवर जाऊन विचारीन म्हणतो. खिडकीतला माणूस फार तर खेकसेल, दंड मागणार नाही.

तुमच्यावर वेळ आली तर आधी घरातल्यांना हाक मारा, मग बटण दाबा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर फोन करा, तोही लगेच. जितका उशीर, तितका पैसा हाती लागणं अवघड. आणि काका, वाचत असाल तर, पुढच्या वेळी बेल वाजवा. बोभाटा मी करणार नाही. म्हणजे, याहून जास्त करणार नाही.