आधी हाडे, मग कातडे

जुन्या वाड्यांबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, "पाडा, सागवान विका आणि स्लॅब टाका." दुसरे म्हणते, "पूर्वजांची आठवण आहे, रंगरंगोटी करून ठेवा." ही दोन्ही मते मला सारखीच उथळ वाटतात. सागाच्या रानात वसलेल्या किनवटच्या विद्यार्थ्याने तरी लाकडाची किंमत केवळ घनफुटात मोजू नये.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा कसा विसरेल? अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. त्यांचा घात केला तो दगडमातीच्या भिंतींनी. बाहेरून भिंत दोन-अडीच फूट जाड दिसे. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर, मध्ये नुसती खडी-माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नव्हता. धक्का बसताच पदर फुगले आणि कोसळले. वरून माळवदाच्या मातीचे ओझे! दर पावसाळ्यापूर्वी नवा थर चढवून ते पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले. मात्र अनेक घरांत भिंती पडूनही सागाचे खांब आणि तुळया उभ्या राहिल्या.

मित्रहो, दुरुस्तीचा सारा धडा यात आहे. सर्वप्रथम पाणी आवरावे. पन्हाळी आणि गटारे नीट करून पायथ्याची ओल थांबवावी, कारण खांबाचा तळ कुजला की वरचे कोरीव काम व्यर्थ. कुजलेला भाग कापून तेथे चांगल्या लाकडाचा सांधा द्यावा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू ठोकावेत. भिंतीत आडवे चार-चार फुटांवर व उभे दोन-दोन फुटांवर आरपार भोक पाडून त्यात आकड्याची सळई व काँक्रीट भरावे. माळवदावरची जादा माती उतरवावी. गिलावा आणि रंग सर्वांत शेवटी. तोही शक्यतो चुन्याचा, कारण सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीतली ओल आतच कोंडतो.

कोणी म्हणेल, एवढा खर्च कशाला? किल्लारीनंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविली. पण त्याच कार्यक्रमात उभ्या असलेल्या घरांच्या दुरुस्तीला व मजबुतीलाही स्थान होते. सगळेच पाडणे शहाणपणाचे नाही, हे तेव्हाच मान्य झाले होते. शिवाय संकट दूर गेलेले नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातील भूकंपाचे हादरे नांदेडपर्यंत जाणवले.

प्रत्येक वाडा वाचवावाच, असा माझा हट्ट नाही. ज्याची हाडेच पिचली आहेत, तो उतरवावा. पण तो निर्णय जाणत्या गवंड्याने व सुताराने खांब ठोकून, भिंत तपासून द्यावा. लाकडाच्या व्यापाऱ्याने नव्हे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने एका शिबिरात गावातल्या जुन्या घरांची अशी पाहणी हाती घ्यावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. ज्या घरांत माणसे आजही झोपतात, त्यांच्या भिंती आतून कशा आहेत, एवढे तरी आपणांस ठाऊक असले पाहिजे.