तासांत मोजलेला अनुभव

'अनुभव' हा शब्द मराठी समीक्षेने इतका घोळला आहे, की तो मोजता येतो असे कोणी म्हटले तर आम्हांला हसू येईल. अमेरिकेने मात्र २०१३ साली तो मोजला: प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही, काही सवलती वगळता, उड्डाणाचे १५०० तास हवेत.

निमित्त १२ फेब्रुवारी २००९ च्या अपघाताचे. बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून ५० जण दगावले. वेग घटल्याचा इशारा मिळताच विमानाचे नाक खाली करायचे असते. कॅप्टनने दांडा मागे ओढला. विशेष हे, की दोघाही वैमानिकांचे तास १५०० हून पुष्कळ अधिक होते. त्या प्रकारच्या विमानावरचे कॅप्टनचे तास मात्र जेमतेम ११०. सहवैमानिक स्त्री रात्रभर प्रवास करून, देश ओलांडून कामावर आलेली.

अशा कंपन्यांत बढती लवकर मिळते, कारण वरचे लोक मोठ्या कंपन्यांत निघून जातात. त्या घाईला लोभ म्हणणे आम्हांला मान्य नाही. सेवाज्येष्ठता त्या कंपनीपुरतीच असते. एप्रिल २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स व कंपास मिटल्या, तेव्हा तिथल्या कॅप्टनांनाही अन्यत्र यादीच्या तळापासूनच आरंभ करणे भाग होते. (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.) २०२२ मध्ये वैमानिकांचा तुटवडा पडला, पगार वाढले, यादीची रीत तशीच राहिली.